समुद्राकाठची पहिली सायकल राईड: रस्ता सपाट असला तरी आधी वारा बघा

सायकल नव्याने सुरू केलेल्या कुणीही विचारलं की पहिली जरा मोठी राईड कुठे करू, तर बहुतेक जण सांगतात की समुद्राकाठचा रस्ता पकड, सपाट असतो. सल्ला बरोबरच आहे. चढ नाही, गिअरशी झटापट नाही, दमलं की बसायला कुठेतरी कठडा असतो आणि एका बाजूला कायम पाणी असल्यामुळे रस्ता चुकायची भीती जवळपास नाहीच. फक्त यातली एक गोष्ट सांगायची राहून जाते, ती म्हणजे किनाऱ्यावर चढाचं काम वारा करतो. चढ निदान नकाशावर दिसतो आणि संपला की उतार तरी देतो, वाऱ्याचं तसं काही नाही, समोरून लागला की दहा किलोमीटर सलग लागतो आणि बदल्यात काहीच देत नाही. त्यामुळे खाली जे काही सांगतोय त्यात रस्ता, वेळ, दिशा सगळं वाऱ्याच्या हिशोबाने बसवलंय.

किती जायचं ते तासांत ठरवा

नवीन माणूस आधी आकडा धरतो, पन्नास करू, चाळीस करू वगैरे. सोडा ते. पहिल्या राईडला पाय दमण्याच्या आधी बूड, मनगटं आणि मान बोंबलतात, आणि त्यांना किलोमीटर कळत नाहीत, सीटवर किती वेळ बसलात तेवढंच कळतं. म्हणून प्रत्यक्ष सायकल चालवण्याचा वेळ दीड ते दोन तास धरा. नवख्याचा आरामाचा वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर असतो, म्हणजे साधारण २० ते २५ किलोमीटर झाले. फोटो, पाणी, उगाच बघत बसणं धरून तीन तास हाताशी ठेवा.

आधीच्या दोन-तीन आठवड्यांत घराजवळ कुठेही एक तास न थांबता चालवून बघा. दुसऱ्या दिवशी जिना नीट चढता-उतरता आला तर दोन तासांची राईड तुम्हाला झेपते. नाही आला तर अजून आठवडाभर तेच करा, समुद्र कुठे पळून जात नाही.

रस्ता निवडताना

समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट, हे नेहमीच खरं नसतं. जिथे डोंगराची सोंड थेट पाण्यात उतरते तिथे रस्ता तिच्या डोक्यावरून जातो, आणि समुद्र दिसत राहतो म्हणून चढ लक्षातच येत नाही, एकदम धाप लागते तेव्हा कळतं. सायकलच्या मॅप ॲपमध्ये रूट टाकला की चढ-उताराची रेघ येते, ती बघा. एकूण चढाई दर १० किलोमीटरला ५० मीटरच्या आत असेल तर रस्ता सपाट समजायला हरकत नाही. पण नुसत्या एकूण आकड्यावर जाऊ नका, रेघेचा आकारही बघा, कारण तेच ५० मीटर एका टेकाडात भरले असतील तर तो सपाट रस्ता नाही, मधे एक टेकाड असलेला रस्ता आहे. आणि पुलांवर ही ॲप्स बऱ्याचदा गंडतात, खालच्या खाडीच्या पाण्याची उंची रस्त्याची म्हणून दाखवतात, त्यामुळे पुलाच्या जागी अचानक दरी दिसली तर घाबरू नका. उलटही होतं, मोठ्या पुलाचा खरा चढ रेघेत येतच नाही, आणि खाडीवरचा उंच पूल हा अशा राईडमधला सगळ्यात मोठा चढ असू शकतो.

मग सरफेस. सॅटेलाईट व्ह्यूमध्ये रस्ता पूर्ण बघून घ्या. डांबर किंवा काँक्रीट असेल तर कुठलीही सायकल चालते. लाकडी फळ्यांचा वॉकवे असेल तर ओला झाल्यावर तो भयंकर निसरडा होतो, आणि फळ्या तुमच्याच दिशेने लांबट बसवलेल्या असतील तर बारीक टायर फटीत अडकू शकतो. पेव्हर ब्लॉकवर चालतं पण मनगटं भरून येतात. नुसती वाळू असलेला पट्टा मात्र नकाशावर कितीही छान दिसला तरी पहिल्या राईडला गाळा, कोरड्या भुसभुशीत वाळूत ढकलत चालावं लागतं आणि चेन वाळूने भरते ती वेगळीच.

अजून एक गोष्ट जी फारसं कुणी बघत नाही: समुद्र तुमच्या कुठल्या हाताला येणार? जिथे वाहतूक डावीकडून चालते तिथे समुद्र डाव्या हाताला असेल तर त्या बाजूने गल्ल्या, फाटे, गेटमधून अचानक बाहेर येणाऱ्या गाड्या जवळपास नसतात, आणि थांबायचं झालं तर रस्ता ओलांडावा लागत नाही. उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीत हेच उलट. जाऊन-येऊन राईडमध्ये एक बाजू सोपी आणि एक अवघड असणारच, तर गर्दी कमी असते त्या वेळेला अवघड बाजू यावी असं जमतंय का बघा. बाजूला वेगळा सायकल ट्रॅक असेल तर मग हा प्रश्नच मिटला.

आणि सुटकेच्या जागा. दर चार-पाच किलोमीटरला अशी एक जागा शोधून ठेवा जिथे सावली, पाणी आणि घरी परतायला गाडी किंवा ट्रेन मिळेल. मॅपवर पिन टाकून ठेवा. पहिल्या राईडला याची गरज बहुतेक पडत नाही पण जागा माहीत असली की डोकं शांत राहतं.

वारा

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते, आठवतात ना? परीक्षेनंतर त्यांचा उपयोग झाला नसेल तर आता होणार आहे. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते, हे खारे वारे. उन्हाच्या दिवशी हे साधारण दहा-अकराच्या सुमारास जाणवायला लागतात, दुपारी दोन ते चारच्या आसपास सगळ्यात जोरात असतात आणि सूर्य मावळला की पडतात. रात्री जमीन लवकर गार होते आणि वारा उलटा जमिनीकडून पाण्याकडे जातो, पण तो बराच मंद असतो. याचा अर्थ सरळ आहे: पहाट ते नऊ-साडेनऊ ही वेळ सगळ्यात शांत. सकाळी लवकर निघा असं सगळे म्हणतात ते उन्हामुळे, पण किनाऱ्यावर ऊन नसतं तरी मी हेच सांगितलं असतं.

आता गंमत अशी की खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि तुमचा रस्ता किनाऱ्याला धरून जातो, म्हणजे तो तुम्हाला समोरून किंवा पाठून न लागता बाजूने लागतो. आणि तो दिवसभर एकाच दिशेने राहत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात तो हळूहळू घड्याळाच्या काट्यांसारखा सरकतो, दक्षिण गोलार्धात उलटा. समजा उत्तर गोलार्धात पश्चिमेला समुद्र आहे, तर वारा सुरुवातीला पश्चिमेकडून येईल आणि दुपार उलटेपर्यंत वायव्येकडे झुकेल. मग अशा किनाऱ्यावर आधी उत्तरेला जाऊन नंतर दक्षिणेकडे परतलात तर परतीला थोडी तरी मदत मिळते. अर्थात एखादं वादळ किंवा मोठी हवामानाची सिस्टीम आली की हे सगळं गणित बाजूला राहतं, म्हणून फोरकास्ट बघायचाच.

फोरकास्ट वाचताना तीन गोष्टी. पहिली, दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती दिशा. उत्तरेचा वारा म्हणजे उत्तरेकडून येणारा, ॲपमधला बाण मात्र बहुतेक वेळा वारा जिकडे चाललाय तिकडे टोक दाखवतो, यात भले भले फसतात. दुसरी, युनिट. १० नॉट म्हणजे जवळजवळ साडेअठरा किलोमीटर ताशी, आणि मीटर प्रति सेकंदात आकडा असेल तर त्याला ३.६ ने गुणा. तिसरी, सरासरी वेगाशेजारी झोतांचा म्हणजे गस्टचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो जास्त महत्त्वाचा, कारण सायकल हलवतो तो झोत.

किती वारा चालेल? ताशी १२ पर्यंत काही प्रश्न नाही. १२ ते १९ मध्ये झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतात, हलका झेंडा पूर्ण फडकतो, अशा वाऱ्यात जमतं पण दिशा नीट निवडायला हवी. २० ते २८ मध्ये धूळ आणि कागद उडायला लागतात, लहान फांद्या हलतात, पहिल्या राईडला मी अशा दिवशी जाऊ नका म्हणेन. त्यापुढे छोटी झाडंच डोलायला लागतात, तेव्हा सरळ घरी बसा. हे झाडं आणि झेंडे बघून वारा ओळखायचं माप ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफोर्टच्या नावाने चालतं, त्याने १८०५ मध्ये त्याची सुरुवात केली, तेव्हा अर्थातच जहाजाची शिडं बघून. फोनला रेंज नसेल तेव्हा आजही हेच कामाला येतं.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी १५ ने चाललात आणि समोरून १५ चा वारा आला तर हवेसाठी तुम्ही ३० ने चाललाय, अडथळा चौपट. तोच वारा पाठून असेल तर अडथळा जवळजवळ शून्य, आणि इथेच नवीन माणूस गंडतो, कारण पाठचा वारा जाणवतच नाही! गालाला काही लागत नाही, आवाज नाही, सायकल पळतेय, वाटतं आज आपण फॉर्मात आहोत. मग दहा किलोमीटर ताशी २० ने अर्ध्या तासात जातात आणि तेच दहा परतताना ताशी १० ने एक तास खातात, तेही दमलेल्या पायांनी आणि चढत्या उन्हात. त्यामुळे नियम एकच, जाताना वारा समोरून घ्या, येताना पाठून. जाताना कष्ट झाले तर लवकर वळता येतं, परतीला कष्ट असतील तर वळून जाणार कुठे?

शक्य असेल तर अजून चांगला उपाय म्हणजे एकाच बाजूने राईड. ट्रेनने किंवा फेरीबोटीने सायकल घेऊन वाऱ्याच्या वरच्या टोकाला जायचं आणि वारा पाठीवर घेऊन घराकडे यायचं. काही लोक याला चीटिंग म्हणतात, म्हणू देत. फक्त त्या गाडीत सायकल घेतात का, आणि कुठल्या वेळेला घेतात, ते आधी विचारून ठेवा.

भरती-ओहोटी

रस्ता पाण्यापासून उंच आणि पक्का असेल तर हा भाग वाचलात नाही तरी चालेल. पण मधे कुठे खाडीतला सखल बांध, पाण्याला लागून गेलेला ठेंगणा रस्ता किंवा ओल्या घट्ट वाळूचा पट्टा असेल तर भरतीची वेळ बघणं सक्तीचं. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या येतात, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून उद्याची भरती आजच्यापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा. गेल्या रविवारी रस्ता कोरडा होता म्हणून या रविवारी त्याच वेळेला कोरडा असेल असं धरू नका, आठवड्यात सगळं जवळपास उलटं झालेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा कमी.

पाणी एकसारखं चढत नाही हेही माहीत असू द्या. सहा तासांच्या चढत्या पाण्यात पहिल्या आणि शेवटच्या तासात अगदी थोडं चढतं, मधल्या दोन तासांत मात्र जवळपास अर्धं. त्यामुळे जाताना वाळू मोकळी दिसली आणि तासाभराने परत आलात तर ती जागाच नसते. वाळूतून जायचंच असेल तर ओहोटीच्या टोकाच्या आधी तासभर शिरा आणि पाणी वळायच्या सुमारास बाहेर पडा.

सायकल तयार करणं

नवी सायकल लागत नाही. घरात पडलेली, ब्रेक लागणारी, आपल्या मापाची कुठलीही चालेल. पण सीटची उंची नीट करा, निम्म्या लोकांची गुडघेदुखी तिथेच संपेल असं माझं ठाम मत आहे. सीटवर बसा, भिंतीला किंवा कुणाला तरी धरा, टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात हलका बाक राहतो, तीच उंची. आता थांबल्यावर सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकणार नाहीत, सुरुवातीला भीती वाटते, पण थांबताना सीटवरून पुढे उतरायचं हे एका दिवसात जमतं.

टायरच्या कडेला किती हवा भरायची ते छापलेलं असतं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. त्या दोनांच्या मधे भरा, जास्तीत जास्त भरलं की वेग वाढतो हा गैरसमज आहे, खडबडीत रस्त्यावर उलट हिसके बसतात. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा, चाक फिरायला नको. चेन कोरडी करकरत असेल तर सायकलचं चेन ऑईल थेंब थेंब सोडा आणि वरचं कापडाने पुसून टाका, कारण तेलकट चेनवर वाळू चिकटून तिचा सँडपेपर होतो. हे सगळं आदल्या दिवशी संध्याकाळी, निघायच्या आधी दहा मिनिटं नाही.

सोबत काय

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी. वाऱ्यामुळे घाम लगेच वाळतो आणि आपण घामाघूम झालोय हे कळतच नाही, म्हणून तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट. खायला एखादं फळ किंवा सुका मेवा पुरे, दोन तासांच्या राईडला एनर्जी जेलची काहीही गरज नाही.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे, हनुवटीखाली एक-दोन बोटं जाईल एवढाच पट्टा ढिला. डोळ्यांना गॉगल, उन्हापेक्षा वाळू आणि किड्यांसाठी. सनस्क्रीन दर दोन तासांनी, आणि हाताची मागची बाजू, कान, मानेचा मागचा भाग विसरू नका. पॅडेड शॉर्ट्स घालणार असाल तर आत काही घालायचं नाही, शिवणी घासून सोलवटतं.

एक जादा ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, छोटा पंप. वापरता येत नसेल तरी बाळगा, सोबतचा कुणीतरी मदत करेल, पण तुमच्या मापाची ट्यूब त्याच्याकडे असेलच असं नाही. फोन चार्ज केलेला आणि वॉटरप्रूफ पिशवीत. पुढे-मागे लाईट, पहाटे निघत असाल तर नक्कीच.

प्रत्यक्ष चालवताना

पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू. बोलताना धाप न लागता पूर्ण वाक्य म्हणता आलं पाहिजे, हाच वेग संपूर्ण राईडला ठेवायचा. समोर वारा आला की वेगाचा नाद सोडा, गिअर हलका करा, पाय मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे फिरत राहतील एवढं बघा, कोपर थोडे वाकवून अंग खाली घ्या. स्पीडोमीटरकडे अशा वेळी बघूच नका, उगाच जीव खातो.

बाजूचा वारा अंगावर येतो तो मोकळ्या जागी: इमारतींची रांग संपते तिथे, पुलावर, खाडीच्या तोंडाशी. मोठा ट्रक शेजारून गेला की क्षणभर वारा अडतो आणि मग एकदम धक्का बसतो. हँडल घट्ट आवळलं तर धक्का सरळ चाकात उतरतो, पकड सैल ठेवा आणि रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवू नका, कडेला हलायला हातभर जागा असू द्या.

डांबरावर उडून आलेली वाळू दिसली की तिच्यावर शिरायच्या आधी ब्रेक लावून वेग कमी करा, वाळूवर असताना ब्रेक नाही, वळण नाही, हँडल सरळ, पॅडल हलकं मारत पार व्हा. पडझड बहुतेक याच जागी होते, वळणावरच्या पातळ वाळूच्या थरावर.

चालायला आलेली माणसं, लहान पोरं, कुत्री असतील तिथे चालण्याच्या वेगाला या. बेल लांबूनच वाजवा, अगदी पाठीशी येऊन वाजवली की माणूस दचकून नेमका तुमच्याच बाजूला उडी मारतो. ग्रुपमध्ये असाल तर एकामागे एक, मधे दोन सायकलींचं अंतर, आणि सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी. पुढे सगळ्यात हळू चालवणारा ठेवला की ग्रुप तुटत नाही.

संध्याकाळी जाणार असाल तर सूर्य समोर असताना गाड्यांच्या ड्रायव्हरलाही तुम्ही दिसत नसता. आपली सावली लांब आपल्या पुढे पडलेली दिसली की समजा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन आहे, आणि मागे पडलेली असेल तर मागून येणाऱ्याच्या. अशा वेळी दहा मिनिटं थांबून घेतलेलं बरं.

वळायचं कधी

हे घरून ठरवून निघा, आणि घड्याळावर ठरवा. दोन तासांची राईड असेल तर ५० मिनिटं झाली की जिथे असाल तिथून वळा, समोर अजून कितीही सुंदर वळण दिसत असलं तरी. अर्धं पाणी संपलं, झोत वाढले, आभाळ काळवंडलं, बूड बसवेना, यातलं काहीही आधी झालं तर तेव्हाच वळा. वीज चमकताना किंवा गडगडाट ऐकू येत असताना मोकळ्या किनाऱ्यावर सायकलवर राहायचं नाही, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबायचं. झाडाखाली नाही.

घरी आल्यावर

कितीही कंटाळा आला तरी सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, मीठ रात्रभरात काम सुरू करतं. पाईपचा जोरदार फवारा मारू नका, चाकांच्या आणि पॅडलच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. मग्गाने पाणी ओता, साबणाचं फडकं फिरवा, परत पाणी, कापडाने पुसून उन्हात उभी करा. चेन पूर्ण वाळली की मगच ऑईल. सीटखालचा आणि हँडलवरचा नट-बोल्ट, केबलची टोकं, ब्रेकचे स्प्रिंग, इथे मीठ लपून बसतं, तिथे फडकं जरा जास्त वेळ फिरवा.